टाइमआउटने लय तुटते का? बास्केटबॉलमधल्या एका जुन्या वादाचा आढावा

१९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये टाइमआउट झाला, तरी प्रशिक्षकाला खेळाडूंशी बोलायची मुभा नव्हती. खेळाडू मैदानावरच घोळका करून उभे राहायचे, दम घ्यायचे, आपसांत काय ते ठरवायचे. प्रशिक्षक बाकावरून पाहत राहायचा. शिकवायचं ते सरावात, सामना मात्र खेळाडूंचा, अशी तेव्हाची धारणा होती. नियम बदलला आणि टाइमआउट हळूहळू प्रशिक्षकाच्या हाती गेला. आज चालू सामन्यात प्रशिक्षकाला वापरता येण्याजोगं ते सर्वांत ठळक हत्यार मानलं जातं.

ते कधी उपसायचं, याचा एक रूढ संकेत आहे. प्रतिस्पर्ध्याने सलग आठ-दहा गुण घेतले, प्रेक्षक उठून उभे राहिले, आपल्या पोरांचे पास चुकायला लागले, की एका पंज्यावर दुसरा आडवा धरून ‘टी’ची खूण करायची. समालोचक सांगतो, मोमेंटम तोडायला टाइमआउट घेतला. त्यानंतर बहुतेक वेळा सामना सावरतोही. पण तो टाइमआउटमुळे सावरतो, की तसाही सावरला असता? गेली तीसेक वर्षं मानसशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे आहेत. उत्तर अजून एकमुखी नाही, पण वाद कुठून निघाला आणि कुठवर आला हे आता बऱ्यापैकी स्पष्ट सांगता येतं.

नियम आधी पाहू

टाइमआउटबद्दल बोलताना कुठल्या नियमांचा टाइमआउट, हे ठरवावंच लागतं. ‘फिबा’च्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन टाइमआउट मिळतात. उत्तरार्धातल्या तीनपैकी शेवटच्या दोन मिनिटांत दोनच वापरता येतात. प्रत्येक जादा डावाला एक. टाइमआउट एक मिनिटाचा, आणि पूर्वार्धात उरला तो वाया गेला. तो मागायचा अधिकार मुख्य किंवा सहाय्यक प्रशिक्षकाचाच. तोही गुणलेखकाच्या टेबलाकडे मागायचा आणि चेंडू थांबेपर्यंत, किंवा समोरच्याने बास्केट करेपर्यंत, थांबायचं.

अमेरिकेच्या एनबीएत गणित वेगळं. २०१७-१८ च्या हंगामापासून तिथे एका सामन्यातले एकूण टाइमआउट १८ वरून १४ वर आणले गेले. प्रत्येक संघाला सात, प्रत्येकी ७५ सेकंदांचे, आणि शेवटच्या तीन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. चेंडू आपल्या हातात असेल तर तिथे खेळाडूही खेळ चालू असताना टाइमआउट मागू शकतो. शिवाय अखेरच्या दोन मिनिटांत टाइमआउट घेतला, तर चेंडू आपल्या टोकापासून न आणता थेट पुढच्या अर्ध्या मैदानातून आत टाकता येतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे दोन सामने झाले, ते भारतात झालेले एनबीएचे पहिले सामने. पहिला तर जादा डावात जाऊन १३२-१३१ असा सुटला. त्या दोन संध्याकाळी मुंबईकरांनी पाहिले ते एनबीएचे टाइमआउट. आपल्या आंतरमहाविद्यालयीन, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत जे घेतले जातात ते फिबाचे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण या विषयावरचे मोठ्या आकडेवारीचे अभ्यास बहुतांश एनबीएवर आहेत. जिथे सात टाइमआउट मिळतात तिथला एक आणि जिथे पूर्वार्धात दोनच मिळतात तिथला एक, यांची किंमत सारखी असू शकत नाही.

दुसरी गोष्ट, टाइमआउट लय तोडण्यासाठीच असतो असं मुळीच नाही. दमलेल्या खेळाडूला श्वास घेऊ देणं, बदली खेळाडू उतरवणं, घड्याळ थांबवणं, शेवटच्या फेकीची आखणी करणं, चेंडू पुढे नेणं, हे सगळं त्यात येतं. १९७६ च्या एनबीए अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात फिनिक्स सन्सच्या पॉल वेस्टफालने संघाकडे एकही टाइमआउट शिल्लक नसताना जाणूनबुजून टाइमआउट मागितला. त्या चुकीबद्दल बोस्टनला एक फ्री थ्रो मिळाला, पण फिनिक्सला चेंडू मैदानाच्या मध्यावर मिळाला. तिथून गार हर्डने बास्केट करून सामना तिसऱ्या जादा डावात नेला. बोस्टनने तो १२८-१२६ असा जिंकला. वेस्टफालला तिथे लय तोडायची नव्हती, अर्धं मैदान हवं होतं. अशा टाइमआउटना लय तोडणाऱ्यांबरोबर एकाच टोपलीत टाकून सरासरी काढली, तर तिच्यातून काहीच कळत नाही.

बाकावरच्या दोन परंपरा

संशोधन येण्याच्या कितीतरी आधीपासून प्रशिक्षकांमध्येच दोन मतं होती.

एक परंपरा म्हणते, खेळ हातचा जातोय असं वाटलं की लगेच थांबवा. तिचं समर्थन रोजच्या अनुभवातून येतं. घाबरलेला संघ घाईत फेकी करतो, त्या चुकतात, समोरचा पळत जाऊन सोपे गुण घेतो, आणि घाई आणखी वाढते. ही साखळी आतून तुटत नाही, बाहेरून तोडावी लागते. बचावाची मांडणी कुठे उसवली आहे, हे मैदानावरच्या पाच जणांपेक्षा बाकावरच्या माणसाला आधी दिसतं, हा त्या बाजूचा दुसरा मुद्दा. दोन्ही मुद्दे वजनदार आहेत.

दुसरी परंपरा टाइमआउट जपून ठेवणाऱ्यांची. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ त्यासाठी प्रसिद्ध होते. टाइमआउट शेवटासाठी राखायचे, हा त्यांचा शिरस्ता. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करून स्वतःच बाहेर यायची खूण करायची, ही पद्धतही त्यांचीच, म्हणजे निव्वळ विश्रांतीसाठी टाइमआउट खर्च व्हायला नको. २ मार्च १९७४ रोजी ड्यूकविरुद्ध त्यांचा संघ १७ सेकंद उरले असताना आठ गुणांनी मागे होता. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती. तरीही त्यांनी बरोबरी साधली आणि जादा डावात ९६-९२ असा विजय मिळवला. ज्याच्या पोतडीत शेवटच्या क्षणी टाइमआउट उरलेले असतात, त्याला त्या १७ सेकंदांचे अनेक छोटे डाव करता येतात.

योगायोग असा, की १९९३ च्या अमेरिकी कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात याच स्मिथ यांच्या संघासमोर मिशिगनचा ख्रिस वेबर ७१-७३ अशा पिछाडीवर, ११ सेकंद उरले असताना कोपऱ्यात अडकला आणि त्याने टाइमआउटची खूण केली. संघाकडे एकही उरला नव्हता. टेक्निकल फाऊल झाला आणि मिशिगन ७१-७७ असा हरला. खर्चलेल्या टाइमआउटची किंमत शेवटी कशी वसूल होते, याचं हे अमेरिकी खेळातलं सर्वांत परिचित उदाहरण.

फिल जॅक्सन आणखी पुढे गेले. शिकागो बुल्सला सहा आणि लॉस एंजेलिस लेकर्सला पाच विजेतेपदं मिळवून देणारे हे प्रशिक्षक प्रतिस्पर्धी सलग गुण घेत असतानाही हाताची घडी घालून बसून राहण्यासाठी ओळखले जात. त्यांच्या मते अडचणीतून वाट काढायला संघ मैदानावरच शिकतो. दर वेळी बाहेरून हात दिला, तर ते शिकणं राहून जातं. १४ जून १९९८ रोजी सॉल्ट लेक सिटीत युटा जॅझविरुद्ध बुल्स ८५-८६ असे मागे होते. वीसेक सेकंद उरले असताना मायकल जॉर्डनने कार्ल मलोनच्या हातून चेंडू काढून घेतला. बहुतेक प्रशिक्षकांनी तिथे खेळ थांबवून आखणी केली असती. जॅक्सन यांनी थांबवला नाही. युटाला बचाव नीट लावायला वेळ मिळाला नाही आणि ५.२ सेकंद उरले असताना जॉर्डनने सामना जिंकून देणारी फेक टाकली.

एका सामन्यावरून नियम निघत नाही. पण या प्रसंगातून एक गोष्ट दिसते, आणि वादात ती फार कमी वेळा बोलली जाते. टाइमआउट एकट्याचा नसतो. मी मागितला तरी विश्रांती समोरच्यालाही मिळते, आणि त्याचा प्रशिक्षकही तेवढाच वेळ बोलतो.

आधी लय तरी असते का?

शाळेच्या भौतिकशास्त्रात मोमेंटमला संवेग म्हणतात: वस्तुमान गुणिले वेग. खेळात तो शब्द उपमा म्हणून आला आणि मग उपमा आहे हेच विसरलं गेलं. मराठीत आपण ‘लय सापडली’, ‘वारं फिरलं’ असं म्हणतो. आशय तोच: आत्ता चाललं आहे ते पुढेही चालेल, कारण ते आत्ता चाललं आहे.

या समजुतीला पहिला मोठा धक्का १९८५ मध्ये बसला. थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि ॲमोस ट्वर्स्की यांनी फिलाडेल्फिया ७६र्सच्या १९८०-८१ हंगामातल्या फेकी, बोस्टन सेल्टिक्सचे फ्री थ्रो आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या खेळाडूंवरचा एक प्रयोग तपासला. त्यांनी विचारलेल्या प्रेक्षकांपैकी ९१ टक्क्यांना वाटत होतं, की दोन-तीन फेकी लागल्यावर खेळाडूची पुढची फेक लागण्याची शक्यता वाढते. आकड्यांत तसं काही सापडलं नाही. ‘हात गरम होणं’ हा माणसाच्या मनाने यादृच्छिक क्रमात पाहिलेला आकार आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढची तीस वर्षं तो पाठ्यपुस्तकांत टिकून राहिला.

मग जोशुआ मिलर आणि ॲडम सान्हुर्हो यांनी २०१८ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त दाखवून दिलं, की त्या मोजणीतच एक बारीक चूक होती. ती समजून घेण्यासारखी आहे. नाणं तीनदा उडवा. आठ क्रम शक्य आहेत. प्रत्येक क्रमात, छाप्यानंतर लगेच छापा येण्याचं प्रमाण काढा. दोन क्रमांत पहिल्या दोन फेकींत छापाच नाही, ते बाद. उरलेल्या सहा क्रमांतल्या प्रमाणांची सरासरी काढली तर ती निम्मी येत नाही, १२ पैकी ५ येते, म्हणजे सुमारे ४२ टक्के. नाणं पूर्ण प्रामाणिक असूनही! म्हणजे छोट्या क्रमांत अशी सरासरी मुळातच कमी येते. ज्या खेळाडूचं प्रमाण ‘जैसे थे’ आलं, त्याचा हात खरं तर थोडा गरम झालेला होता. ही दुरुस्ती केल्यावर १९८५ च्याच आकड्यांत गरम हाताची खूण दिसू लागली.

मात्र गरम हात एका खेळाडूचा असतो. टाइमआउटचा प्रश्न संघाच्या लयीचा आहे आणि तिथे चित्र निराळं आहे. बोस्टन विद्यापीठाच्या ॲलन गेबेल आणि सिडनी रेडनर यांनी २०१२ मध्ये एनबीएच्या चार हंगामांतले गुण पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहिले. बास्केट झालं की चेंडू समोरच्याकडे जातो, त्यामुळे गुण घेतलेल्याच संघाने पुढचेही गुण घेण्याची शक्यता निम्म्याहून बरीच कमी असते, ३५ टक्क्यांच्या आसपास. हे लक्षात घेतलं, तर सलग गुणांचे जे सिलसिले दिसतात ते निव्वळ नशिबाच्या चालीने दिसावेत तितकेच आहेत, असं त्यांना आढळलं. उलट, आघाडीवरचा संघ पुढे किंचित कमी गुण घेतो.

मी यावर एक ढोबळ हिशेब केला. एकदा गुण घेतल्यावर आणखी तीनदा सलग तोच संघ, याची शक्यता ०.३५ चा घन, म्हणजे शंभरात चार. सामन्यात नव्वदेक वेळा गुण होतात. तेव्हा चार बास्केटांचा सलग सिलसिला, म्हणजे ८-० ची पळती, एका सामन्यात दोन-तीनदा तरी निव्वळ योगायोगानेच दिसायला हवी. प्रशिक्षकाला धडकी भरवणारा क्षण हा सामन्याचा नेहमीचा भाग आहे, हे या हिशेबाने मला पहिल्यांदा नीट पटलं.

तरी मानसशास्त्रज्ञ लयीची कल्पना सोडायला तयार नाहीत, आणि त्यांची बाजू दुबळी नाही. रॉबर्ट व्हॅलरँड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात लय ही आधी जाणीव असते: ध्येयाकडे आपण सरकतो आहोत, सूत्रं आपल्या हाती आहेत, ही भावना. ती कामगिरीत उतरेल की नाही, हे खेळाडूच्या कौशल्यावर, प्रेक्षकांवर, परिस्थितीवर अवलंबून. म्हणजे गुणफलकावर खूण उमटली नाही म्हणून मनात काही घडलंच नाही, असं होत नाही.

आधी आणि नंतर

टाइमआउटचा थेट अभ्यास वर्तनशास्त्रातून सुरू झाला. जॉन नेव्हिन यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून ‘वर्तनाचा संवेग’ ही कल्पना मांडली होती. ज्या वागणुकीला वारंवार फळ मिळतं, ती अडथळा आला तरी टिकून राहते. १९९२ मध्ये चार्ल्स मेस, नेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ती बास्केटबॉलला लावून पाहिली. १९८९ च्या अमेरिकी कॉलेज स्पर्धेतले १४ सामने घेतले आणि टाइमआउटच्या आधीची तीन मिनिटं व नंतरची तीन मिनिटं तुलनेला ठेवली. प्रशिक्षक टाइमआउट घेत होते तेव्हा समोरचा संघ सरासरी २.६३ ला १ या प्रमाणात वरचढ होता. नंतरच्या तीन मिनिटांत दोन्ही संघ जवळजवळ बरोबरीत आले. बाकावरच्या अनुभवाला प्रथमच शास्त्रीय दुजोरा मिळाल्यासारखं झालं.

युरोपातूनही त्याच दिशेचे निष्कर्ष आले. मिगेल आंखेल गोमेझ आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या स्पेनमधल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतले १८ सामने आणि त्यांतले १४४ टाइमआउट तपासले. प्रत्येकाच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच ताबे घेतले. टाइमआउटनंतर आक्रमणही सुधारलं आणि बचावही. शेवटच्या पाच मिनिटांत आक्रमणाची कामगिरी अधिक चांगली होती. हा अभ्यास फिबाच्या नियमांखालचा असल्याने आपल्या प्रशिक्षकांना तो जास्त जवळचा वाटावा. यातलं एक नीट लक्षात घ्यायला हवं: टाइमआउटनंतरची पहिली चाल आखून दिलेली असते. त्या चालीपुरती सुधारणा होणं स्वाभाविक आहे. लय फिरली म्हणण्यासाठी त्याहून लांब परिणाम दाखवावा लागतो.

सरासरीकडे परतणं

या सगळ्या आधी-नंतरच्या मोजणीवरचा आक्षेप साधा आहे आणि माझ्या मते निर्णायक आहे.

ताप सर्वांत चढलेला असतो तेव्हा आपण औषध घेतो. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. औषधाने उतरला असेल, किंवा चढलेला ताप उतरतोच म्हणून उतरला असेल. फक्त त्या एका रुग्णाकडे पाहून हे सांगता येत नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आई-वडील आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात ही गोष्ट टिपली. टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप बहुधा सरासरीच्या जवळ येतं. प्रशिक्षक टाइमआउट घेतो तो नेमका टोकाच्या क्षणी. २.६३ ला १ हे प्रमाण कायम राहणारं नव्हतंच. ते १ ला १ कडे येणं हे, टाइमआउटचा परिणाम शून्य असला तरीही, अपेक्षितच होतं.

तेव्हा तुलना हवी ती सारख्याच पळतीनंतर टाइमआउट न घेतलेल्या क्षणांशी. ब्राझीलच्या मिनास जेराइस संघीय विद्यापीठातल्या नियांडर आसिस, रेनाटो आसुन्साँव आणि पेद्रो वाझ-दे-मेलो यांनी २०२० मध्ये एनबीएच्या चालीगणिक नोंदींतून अशा जोड्या जुळवल्या. त्यांचा निष्कर्ष ठाम होता: टाइमआउटचा संघाच्या कामगिरीवर परिणाम नाही. दिसते ती सुधारणा म्हणजे सामन्याची सरासरीकडे परतण्याची चाल.

कॉनर गिब्ज, रायन एलमोर आणि बेली फॉस्डिक यांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘ॲनल्स ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स’मध्ये आला. त्यांनी प्रश्न नेमका केला: प्रतिस्पर्ध्याची पळती चालू असताना टाइमआउट घ्यावा की राखावा? पळतीनंतर पुनरागमन वारंवार होतं, पण ते टाइमआउटशिवायही होतं, आणि टाइमआउट घेणाऱ्यांची अवस्था न घेणाऱ्यांपेक्षा किंचित वाईटच निघते, असं त्यांना आढळलं. परिणामाचं प्रमाण संघागणिक बदलतं, हेही त्यांनी नोंदवलं.

टाइमआउटवर विश्वास असणाऱ्यांकडे यालाही उत्तर आहे, आणि ते टाळता येण्याजोगं नाही. जोड्या जुळवल्या त्या नोंदीत असलेल्या गोष्टींवर: गुणफरक, वेळ, घरचं मैदान. पण प्रशिक्षक टाइमआउट घेतो ते नोंदीत नसलेल्या गोष्टी पाहून. मुख्य खेळाडूचे पाय जड झालेत, दोघांत बोलाचाली झाली आहे, एक पोरगा बावरला आहे. म्हणजे टाइमआउट घेतलेले क्षण आकड्यांत सारखे दिसले, तरी आतून जास्त बिघडलेले असू शकतात. औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा मुळातच जास्त आजारी असतील, तर औषध प्रत्यक्षात आहे त्याहून कुचकामी दिसणारच. ‘किंचित वाईट’ हा निष्कर्ष त्या उणिवेतून आला असण्याची शक्यता उरते. ‘मोठा फायदा होतो’ हा जुना दावा मात्र या तपासणीत टिकत नाही.

जाहिरातींनी केलेला प्रयोग

या कोंडीतून बाहेर पडायची एक वाट दूरचित्रवाणीने नकळत करून ठेवली आहे. अमेरिकी कॉलेजच्या पुरुष सामन्यांत प्रत्येक अर्धात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरल्यानंतर चेंडू पहिल्यांदा थांबला, की जाहिरातींसाठी खेळ थांबतो. एनबीएतही प्रत्येक सत्रात सात आणि तीन मिनिटांच्या खुणेनंतर टाइमआउट सक्तीचा आहे. हे थांबे लय पाहून ठरत नाहीत, घड्याळ पाहून ठरतात. एखादा संघ भरात असताना ते अचानक मध्ये येतात. प्रशिक्षकाच्या निवडीचा गोंधळ इथे मोठ्या प्रमाणात गळून पडतो.

‘जर्नल ऑफ क्वांटिटेटिव्ह ॲनालिसिस इन स्पोर्ट्स’मध्ये अलीकडे आलेल्या एका अभ्यासाने एनबीएतल्या अशा थांब्यांचा उपयोग केला आणि त्याचं उत्तर वरच्या दोन्हींपेक्षा वेगळं आलं. असा थांबा आल्यावर भरातला संघ अपेक्षेपेक्षा कमी गुण घेतो. म्हणजे संघाची लय असते, आणि थांब्याने तिला धक्का बसतो. वाद मिटला असं वाटता वाटता तो पुन्हा उघडला तो असा.

क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. ड्रिंक्सनंतर विकेट पडते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आयपीएलने २००९ मध्ये साडेसात मिनिटांचा आणि पुढच्या वर्षापासून अडीच-अडीच मिनिटांचा स्ट्रॅटेजिक टाइमआउट आणल्यावर तीच समजूत तिथे गेली. तिथेही विकेट पडलेली लक्षात राहते, न पडलेली राहत नाही.

काय सुटलेलं नाही

पहिली अडचण व्याख्येची. एकाने पळती ६-० धरली, दुसऱ्याने ताब्यांवरून मोजली, तिसऱ्याने तीन मिनिटांच्या खिडकीतून पाहिली. लय किती मोठी असली म्हणजे तिला लय म्हणायचं, हे ठरल्याशिवाय दोन अभ्यास एकमेकांना खोडतात की निरनिराळ्या गोष्टी मोजतात, हेच ठरत नाही. जाहिरातीचा थांबा आणि प्रशिक्षकाने मागितलेला टाइमआउट यांतही फरक आहे. पहिल्यावरून ‘खंडाचा’ परिणाम कळतो, ‘बोलण्याचा’ नव्हे.

दुसरी, सरासरीच्या मागे काय दडलं आहे? संघागणिक परिणाम बदलतो, हे गिब्ज आणि सहकाऱ्यांना दिसलं. शून्य सरासरीत काही प्रशिक्षकांचे चांगले टाइमआउट आणि काहींचे वाईट एकमेकांना खाऊन टाकत असतील. साठ सेकंदांत पाच सूचना देणारा आणि एकच गोष्ट सांगून पाणी पिऊ देणारा, हे गुणपत्रकावर सारखेच दिसतात. माझ्या मते पुढचं खरं काम इथे आहे.

तिसरी, किंमत. दुसऱ्या सत्रात वापरलेला टाइमआउट एनबीएत शेवटच्या मिनिटातून वजा होऊ शकतो. फिबात पूर्वार्धाचा टाइमआउट उत्तरार्धाला नेताच येत नाही, त्यामुळे तिथे तो राखून ठेवण्यात अर्थ कमी. एनबीएवर काढलेला ‘राखून ठेवा’ हा सल्ला आपल्याकडच्या पूर्वार्धाला जसाच्या तसा लावणं चूक ठरेल.

आणि चौथी: आकडे प्रौढ व्यावसायिकांचे आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलींचा संघ जिल्हा स्पर्धेत ०-१० ने मागे पडतो, तेव्हा त्यांना थांबवून दोन शब्द बोलणं हे केवळ पुढच्या पाच ताब्यांसाठी नसतं. जॅक्सन यांचा नियम जॉर्डनच्या संघासाठी होता. या वयोगटात मी निःसंकोच टाइमआउट घ्या असंच म्हणेन, आकडे काहीही सांगोत.

आज जेवढं हाती आहे त्यावरून माझं मत असं: टाइमआउटनंतर दिसणाऱ्या सुधारणेचा मोठा भाग टाइमआउटचा नाही. थांब्याने भरातल्या संघाला थोडा धक्का बसत असावा, पण तो एका टाइमआउटवर सामना फिरतो म्हणण्याइतका मोठा असल्याचा पुरावा नाही.

आपल्या प्रशिक्षकांना आणि गुणलेखकांना एक विनंती. फिबाच्या गुणपत्रकावर टाइमआउटच्या चौकटीत तो कितव्या मिनिटाला घेतला, हे आपण लिहितोच. त्याच्या शेजारी त्या क्षणाचा गुणफरकही लिहून ठेवा. आणि खूण करायला हात उचलला पण मग खाली घेतला, असे क्षण सहाय्यकाला एका वहीत वेळेसह टिपायला सांगा. न घेतलेल्या टाइमआउटची नोंद कुठल्याच गुणपत्रकात नसते, आणि तुलनेसाठी नेमकी तीच लागते.